दुधात हात धुणाऱ्या नरसूबाई

आमच्या लॅबमध्ये कामाला घ्यायच्या बायकांची परीक्षा मोहरीने व्हायची. वाटीत चिमूटभर मोहरी, शेजारी रिकामी काचेची बाटली आणि एक लांब चिमटा. चिमट्याने एकेक दाणा उचलायचा आणि बाटलीच्या काठाला न लावता आत सोडायचा. वेळ पाच मिनिटं. डॉक्टर घड्याळ लावून बसत आणि मी बाटलीच्या काठाकडे बघत उभी राही. बहुतेकींचा हात पहिल्याच मिनिटाला थरथरायला लागे. काहीजणी दाणा इतका आवळून धरत, की तो उडून टेबलाखाली जाई.

नरसूबाईंनी वाटी रिकामी केली, चिमटा खाली ठेवला आणि विचारलं, "आनी हाय का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तोवर वाटी रिकामी झालेली आम्ही दोघांनीही पाहिली नव्हती.

"याआधी काय काम करत होता?"

"इड्या. नऊ वर्साची होतो तवापास्नं."

डॉक्टरांचा पेन कागदावर थांबला.

हे डॉक्टर म्हणजे लॅबचे मालक. वनस्पतिशास्त्रातले डॉक्टर. गावात मात्र लोक त्यांना रस्त्यात थांबवून गुडघेदुखीवर औषध विचारत आणि ते निमूटपणे कुठल्या तरी खऱ्या डॉक्टरचा पत्ता देत. मंद्रूपच्या रस्त्याला, शहर संपतं तिथे त्यांची लॅब होती. आधी केळीची रोपं करत. पुढे ऑर्किडकडे वळले. सोलापूरच्या उन्हात ऑर्किड, असं म्हणून लोक हसायचे. पण लॅबमध्ये ऊन कुठलं? रोपाच्या शेंड्याचा नखाएवढा तुकडा बाटलीतल्या जेलीवर ठेवायचा. जेलीत साखर, क्षार, नारळाचं पाणी, थोडं केळं. काही आठवड्यांनी त्या तुकड्याचा हिरव्या मण्यांचा झुबका होतो. झुबका कापून चार बाटल्यांत घालायचा, मग चाराच्या सोळा. शेवटी मुळं फुटली की रोपं कोकणात, केरळात जायची आणि तिथे फुलायची. आमच्याकडे फक्त बाटल्या. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन वेळापूरहून सोलापुरात आले होते. बुरशी धरलेल्या बाटल्या शोधून काढणं, नोंदी ठेवणं हे माझं काम.

डॉक्टरांनी नरसूबाईंना नीट समजावून सांगितलं. तंबाखूच्या पानाला एक रोग असतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पान वाळलं, कुटलं, विडीत भरलं, तरी मरत नाही. विडी वळणाऱ्याच्या हाताला लागतो, हातातून चिमट्याला, चिमट्यातून ऑर्किडला.

"मग झाड मरतंय?"

"मरत नाही, तीच तर अडचण आहे. छान वाढतं. दोन-तीन वर्षांनी फूल येतं आणि फुलावर डाग असतात. तोवर त्या एका झाडाची हजार झाडं झालेली असतात."

नरसूबाईंनी हे सगळं मान हलवत ऐकलं. "मग इड्या सोडलो तर?"

"घरात आणखी कोण करतं?"

"सासू करती. जाऊ करती. गल्लीतल्या समद्या करतेत."

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. नरसूबाई उठल्या, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि दारात वळून मला विचारलं, "हितं समद्या बाया खुर्चीवरच बसतेत?"

"हो."

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

महिनाभराने एका सकाळी वॉचमन आत आला. हा दुधनीचा, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलणारा. "त्या इडीवाल्या बाई आल्यात. सातपासून उभ्या हायत. जावा म्हटलं तर जाईनात."

नरसूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. नखं मुळापर्यंत कापलेली. "महिना झाला साहेब. एक बी इडी केलो न्हाई."

सोलापूरच्या अनेक बायका बोलतात तसंच त्या बोलायच्या. मी येतो, मी केलो, मी सांगितलो. घरात तेलुगू, बाहेर हे असं मराठी. त्यांचं घर शहराच्या पूर्वेला, दोन खोल्यांचं, नवरा पॉवरलूमवर. मागच्या पडवीला त्यांनी पत्रा ठोकून घेतला होता आणि आपले कपडे, अंथरूण, भांडी तिकडे हलवली होती. विडीचं सूप ज्या खोलीत असतं तिथे त्या महिनाभर जेवायलासुद्धा बसल्या नव्हत्या. घर सोडल्यासारखं वागते म्हणून सासूने अबोला धरला होता.

"एवढं कशासाठी पण?" मी न राहवून विचारलं.

"खुर्चीसाठी."

मला वाटलं चेष्टा करतायत.

"पस्तीस वर्सं खाली बसलो म्याडम. मांडीवर सूप, मान खाली. माझी सासू आता उभी राहती तरी वाकलेलीच असती. मी मागं एकदा हितनं जाताना गेटातनं बघितलो होतो. खिडकीतनं बाया दिसल्या. खुर्चीवर बसलेल्या, समोर काच, वर लाइट. तवाच ठरवलो."

डॉक्टरांनी त्यांना घेतलं. अटी घातल्या: लॅबमध्ये येऊन आंघोळ, लॅबमध्येच ठेवलेली साडी, आणि कामाला बसण्याआधी हात दुधात बुडवून मग साबणाने धुवायचे. दुधात असं काहीतरी असतं की तो रोग हाताला चिकटून राहत नाही. डॉक्टरांना दूध पावडरीचं पाणी अपेक्षित होतं. नरसूबाईंचा पावडरीवर विश्वास नव्हता. त्या घरून लहानशा बरणीत म्हशीचं दूध आणायच्या.

ही बातमी पहिल्याच दिवशी लॅबभर झाली. त्यांच्या शेजारच्या टेबलावर शहनाज बसायची. तिशीतली, तोंडाने चटपटीत, हातानेही चटपटीत. ती म्हणाली, "अम्मा, हमारे घर में चाय को दूध नहीं, और तुम हाथां धोते!"

"तू बी धू की," नरसूबाई म्हणाल्या. "दूध मी देतो."

त्यानंतर अम्मा हे नाव पडलं. मी मात्र नरसूबाईच म्हणायची.

आमची मुख्य खोली म्हणजे काचेच्या पेट्यांची रांग. प्रत्येक पेटीत मागून गाळलेली हवा येते, समोर दिव्याची ज्योत, ज्योतीत तापवलेला चिमटा आणि ब्लेड. तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. झाकण उघडायचं, झुबका काढायचा, कापायचा, नव्या बाटलीत लावायचा, झाकण बंद. काही सेकंदांचं काम, पण त्या सेकंदांत एखादा कण पडला तर तीन दिवसांनी बाटलीत बुरशीचा पांढरा कापूस उगवतो. प्रत्येकीला एक नंबर असे आणि तो तिच्या बाटलीवर लिहिला जाई. नरसूबाईंचा सात. सात नंबरच्या बाटल्या मी टॉर्च मारून बघायची ती निव्वळ सवयीने. त्यात काही सापडायचं नाही.

कापताना त्या झुबक्याकडे काही वेळ नुसत्या बघत. मग चिमटा एका बाजूने आत घालून असा उघडत, की झुबका आपण होऊन सुटावा. ब्लेडचं काम फार कमी. बाकीच्यांच्या तुकड्यांच्या कडा काळ्या पडत, त्यांच्या पडत नसत. मी एकदा विचारलं, हे कसं कळतं? त्या म्हणाल्या, "इडीचं पान बी आसंच. शिरंच्या आडवं कापलं की फाटतंय. कुठनं सुटायचंय ते त्यालाच ठाव असतं."

आत काम करताना त्या एक अक्षर बोलत नसत. बाहेर आल्या की थांबत नसत. सुनेच्या आईचं ऑपरेशन, गल्लीतल्या नळाचं भांडण, कुठल्या बाजारात शेंगाचटणी चांगली. आणि नव्या मुलींना शिकवायला सांगितलं की त्यांची पद्धत एकच होती. मुलीच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि काहीही सांगायचं नाही. मुलगी चुकली की नुसतं "अं" करायचं. मुलीने वळून विचारलं, "काय चुकलं?" तर म्हणायचं, "तीन दिसांनी बाटली सांगंल." तीन दिवसांनी बाटलीत कापूस आला की त्या मुलीला हाताला धरून रॅकपाशी नेत आणि विचारत, "हिथं तुजं काय झालं हुतं, आठव." मुलीला आठवायचंच. शिंक आली होती, बांगडी आडवी आली होती, झाकण क्षणभर टेबलावर ठेवलं होतं. मी चार पानांच्या सूचना छापून भिंतीला लावल्या होत्या. त्यांच्या त्या एका प्रश्नाएवढा त्यांचा उपयोग झाला नाही.

एकदा एक बडे साहेब लॅब बघायला आले. बरोबर चार-पाच माणसं, दोन गाड्या. कुठल्याशा योजनेत लॅबचं नाव बसवायचं डॉक्टरांचं चाललं होतं, त्यामुळे सकाळपासून त्यांची धावपळ. साहेबांच्या गालात तंबाखूचा मावा. डॉक्टरांना ते दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. बोलायचं कोणी? आम्ही दोघंही साहेबांना पायात घालायच्या निळ्या पिशव्या देण्यात गुंतल्याचं नाटक करत होतो. तेवढ्यात नरसूबाई आंघोळ करून, ओले केस बांधत आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, तोंडातलं टाका. बेसिन तितं हाय."

साहेबांनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी भिंतीवरच्या सूचनांकडे.

"आन मग हात," नरसूबाई म्हणाल्या. बरणी पुढे केली. "ह्यात बुडवा. दूध हाय. लाजू नका, मी बी तेच करतो."

मला वाटलं, संपलं. पण साहेबांनी काय मनात आणलं कोण जाणे. बेसिनवर जाऊन चूळ भरून आले, बाह्या सरसावल्या आणि दोन्ही हात दुधात बुडवले. आत गेल्यावर त्यांनी ऑर्किडबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. सगळा वेळ नरसूबाईंनाच विचारत होते. विड्या किती वर्षं केल्या, सोडताना त्रास झाला का, घरचे काय म्हणाले. गाडीत बसताना म्हणाले, "माझ्या आईनं बी ह्येच केलं आयुष्यभर." योजनेत लॅबचं नाव आलं नाही ते नाहीच. पण डॉक्टर त्या दिवसापासून नरसूबाईंशी उभं राहून बोलायला लागले.

मग ती जांभळ्या जातीची भानगड झाली.

कोकणातल्या एका बागायतदाराने आमच्याकडून रोपं नेली होती. पाकळ्या जांभळ्या, मध्ये पांढरं, अशी ती जात. दोन-अडीच वर्षांनी त्यांना पहिली फुलं आली आणि त्यांनी फोनवर फोटो पाठवले. पाकळ्यांवर जळल्यासारखे तपकिरी चट्टे. एका झाडाला नाही, ओळीच्या ओळीला. खाली एवढंच लिहिलं होतं: हे काय आहे?

डॉक्टरांनी फोटो मोठा करून बघितला आणि मला म्हणाले, "दार लावून घ्या."

पण अशा गोष्टी दार लावून राहत नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की फुलांवर डाग आलेत. आणि डाग म्हटल्यावर लॅबमधल्या प्रत्येकीला एकच गोष्ट ठाऊक होती, कारण कामाला लागताना डॉक्टर प्रत्येकीला तीच गोष्ट सांगत. तंबाखू.  शहनाज तेवढी हळूच म्हणाली, "घर में तो पूरा बिडी का कारखाना है ना." बाकीच्यांनी नरसूबाईंच्या खुर्चीकडे बघितलं. मीही बघितलं. हे मी लपवणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांच्या खोलीत नोंदवह्या घेऊन बसले होते. नरसूबाई दार ढकलून आत आल्या. बसल्या नाहीत.

"साहेब, सात नंबरच्या बाटल्या बाजूला काढा."

"का?"

"जांभळी जात आपल्याकडं पयल्यांदा आली ती दिवाळी आठवती का? त्या दिवाळीच्या आधी आठ दिस मी इड्या केलो."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

जावेच्या हातावर उकळतं पाणी पडलं होतं. रोजच्या विड्या कारखान्यात पोचल्या नाहीत तर तिचं विडीचं कार्ड बंद पडलं असतं, आणि कार्ड गेलं की म्हातारपणाची पेन्शन गेली. सासूच्या हातून तेवढं होत नव्हतं. "मग मी बसलो. हितनं घरी गेल्यावर, दिवस मावळायच्या आत जेवढं होईल तेवढं. दुसऱ्या दिवशी हितं आंघोळ केलो, दूध केलो, साबण केलो. समदं केलो. पर इड्या बी केलो."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"तुमी इचारला न्हाईत. मी सांगितलो न्हाई. दोन्ही खरंय."

"सगळ्यांत जास्त तुम्हाला माहीत होतं," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "इथल्या एकाही बाईला नाही, तुम्हाला माहीत होतं! हजार वेळा सांगितलं होतं!"

"व्हय," नरसूबाई म्हणाल्या.

त्या रडल्या असत्या तर डॉक्टर बहुधा निवळले असते. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तपासणीला पाठवा. कळंपर्यंत मी मागं बाटल्या धुतो."

ज्यांचे शेंडे कापून बाटल्या भरल्या त्या आईझाडांची पानं, जांभळ्या जातीच्या बाटल्या आणि सात नंबरच्या इतर जातींच्या बाटल्या असे सगळे नमुने बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेले. उत्तर यायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे नरसूबाई मागच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत, जमिनीवर बसून बाटल्या धूत होत्या. मे महिना होता. टबातलं पाणी दहा वाजताच कोमट व्हायचं. जेवायच्या सुट्टीत त्या डबा तिकडेच खायच्या. बायका पाणी प्यायला जाताना त्या बाजूचा नळ टाळून पुढच्या नळावर जायच्या. मी दोनदा मागे गेले. एकदा म्हटलं, स्टूल आणून देऊ का? "नको म्याडम," म्हणाल्या, "टब खाली हाय."

रिपोर्ट ईमेलने आला आणि तो आधी मी उघडला. दोन रोगांसाठी तपासणी होती. तंबाखूतून येणारा रोग एकाही नमुन्यात नव्हता. सात नंबरमध्ये नाही, कशातच नाही. दुसरा रोग, ऑर्किडचाच स्वतःचा, जांभळ्या जातीच्या सगळ्या आईझाडांत होता. दिसायला झाडं ठणठणीत. ती आमच्याकडे आली तेव्हाच रोगी होती.

ती झाडं डॉक्टरांनी एका नर्सरीतून घाईने आणली होती. नवं झाड आलं की ते वेगळं ठेवायचं, तपासायचं, मगच त्याचा शेंडा कापायचा, हा नियम त्यांनीच केलेला. पण त्या हंगामात मागणी होती, तपासणीला वेळ लागत होता, आणि झाडं दिसायला सुरेख होती. मी नोंदवही काढली. त्या ओळीत तपासणीच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. रेघ माझ्या पेनाची. डॉक्टर म्हणाले होते, "राहू दे यावेळी," आणि मी रेघ मारली होती.

वही आणि रिपोर्ट दोन्ही मी त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी रिपोर्ट वाचला, रेघेवर बोट ठेवलं. मग उठले, तसेच मागच्या अंगणात गेले. मी मागोमाग.

"नरसूबाई, रिपोर्ट आला. तुमचं काही नाही त्यात. चला आत."

नरसूबाईंनी हातातली बाटली विसळली, उपडी ठेवली. "मग कुणाचं हाय?"

"माझं."

"आसं." त्यांनी पुढची बाटली घेतली. "मग जेवायच्या सुट्टीत सांगा. हितं मला एकटीला सांगून काय व्हनार? बघत तर समद्या हुत्या."

मला वाटलं, डॉक्टरांना राग येईल. पण ते "बरं," म्हणून वळले.

जेवायच्या खोलीत डॉक्टर कधी येत नसत. ते दारात दिसले तेव्हा बायकांनी डबे झाकले. डॉक्टरांना बोलायचा सराव होता; शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ते तासभर बोलत. त्या दिवशी चार वाक्यं बोलले. रोग झाडांबरोबर बाहेरून आला होता. झाडं मी आणली. तपासली नाहीत. यात नरसूबाईंचा दोष नाही. मीही उठून म्हटलं की नोंदीत रेघ मी मारली होती. माझं बोलणं कोणाला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, इतका माझा आवाज बारीक झाला होता.

नरसूबाई कोपऱ्यात डबा घेऊन उभ्या होत्या. डॉक्टर निघणार तेवढ्यात म्हणाल्या, "आनी मी आठ दिस इड्या केलो ते बी खरंय. रिपोर्टात आलं न्हाई म्हणून झालंच न्हाई आसं न्हाई."

आणि बसल्या. डबा उघडला.  मग शहनाज आपली खुर्ची ओढत त्यांच्याजवळ गेली आणि आपल्या डब्यातलं वांगं त्यांच्या झाकणात घातलं. "लेव अम्मा." तिने माफी मागितली नाही. नरसूबाईंनी वांगं खाल्लं आणि म्हणाल्या, "तेल कमी घाल."

जांभळ्या जातीच्या सगळ्या बाटल्या नष्ट कराव्या लागल्या. वाफेच्या मोठ्या भांड्यात बाटल्या शिजवायच्या आणि आतला गाळ खड्ड्यात टाकायचा. दोन दिवस लॅबभर शिजलेल्या पालेभाजीचा वास होता. प्रत्येकीने आपापल्या नंबरच्या बाटल्या उचलाव्यात असं ठरलं नव्हतं, पण झालं तसं. बाटलीतली रोपं हिरवीगार, मुळं फुटलेली, आजाराची एक खूण नाही. मुली हळहळत होत्या. नरसूबाई एकेक बाटली उजेडात धरून बघत आणि मग भांड्यात उतरवायच्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवत. मी म्हटलं, "कशाला बघता? आतून काही दिसत नाही." त्या म्हणाल्या, "दिसत न्हाई म्हणूनच बघून घेतो."

कोकणातल्या बागायतदाराला डॉक्टरांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं आणि दुसऱ्या जातीची रोपं दिली. तपासणीचा रकाना त्यानंतर कधी रिकामा राहिला नाही. एखादं नवं झाड आलं की नरसूबाई जाता जाता मला विचारायच्या, "रेघ की टिक?" आणि मी "टिक" म्हटल्याशिवाय पुढे जात नसत. हे त्या टोमणा म्हणून विचारत की खरंच विचारत, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी तेलंगणातल्या एका नव्या लॅबने डॉक्टरांकडे माणूस मागितला. बायकांना कापणी शिकवायला, तीन महिन्यांसाठी. आधी अशा कामाला पदवीवाली माणसं जात. डॉक्टरांनी नरसूबाईंना बोलावून विचारलं. नरसूबाई त्यापूर्वी एकट्या तुळजापूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. आठ दिवस विचार केला. नवरा म्हणाला, जा. सासू, जिने इतकी वर्षं त्यांच्याशी धड बोलणं टाकलं होतं, ती म्हणाली, "तिकडं माझ्या माहेरचं गाव जवळ हाय. आमचा आंबा हाय का बघून ये." एवढंच. पण नरसूबाईंनी ते मला तीनदा सांगितलं.

आम्ही तिघी-चौघी स्टेशनवर गेलो होतो. सकाळची गाडी. त्यांच्याकडे एक ट्रंक, एक पिशवी आणि शहनाजने दिलेला डबा. गाडी हलायच्या आधी रडारड होईल असं वाटलं होतं. पण त्यांना समोरच्या बाकावर एक तेलुगू बाई भेटली होती, आणि गाडी सुटली तेव्हा त्या तिला गल्लीतल्या नळाचं भांडण पहिल्यापासून सांगत होत्या. आमच्याकडे बघून हात केला तोसुद्धा त्या बाईने.

तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचं वर्ष. तिकडच्यांनी त्यांना सोडलं नाही. मधे मीही लग्न होऊन पुण्याला आले आणि दुसऱ्या कामाला लागले. सणाला फोन व्हायचा. मागच्या पावसाळ्यात एका दुपारी अचानक त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला तर पडद्यावर रॅक. बाटल्यांच्या रांगा, पांढरा उजेड.

"दिसतंय का म्याडम?"

"बाटल्या दिसतायत. तुम्ही दिसत नाही. फोन उलटा धरलाय तुम्ही."

"उलटा न्हाई, बरोबर धरलोय. ह्यास्नी बघा."

पडद्यावर एकेक चेहरा यायला लागला. निळ्या टोप्या, मास्क हनुवटीवर ओढलेले. नरसूबाई मागून नावं सांगत होत्या. ही सुजाता, हिला चिमट्याची भीती वाटायची. ही पोचम्मा, ही माझ्यापेक्षा म्हातारी, पर हिच्या बाटलीत आजपर्यंत एक कापूस न्हाई. ह्या दोघी सख्ख्या भयनी, दोघी बी इडीतल्या, म्हयना थांबवून ठेवलो होतो भायेर. त्या सगळ्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

"नरसूबाई, एकदा तुमच्याकडे वळवा ना फोन."

"मला काय बघायचं? बघितलाव की इतकी वर्सं. हिला बघा, हिनं काल पयली बाटली लावली."

तेवढ्यात आतून कोणीतरी "अक्का!" म्हणून हाक मारली. नरसूबाईंनी फोन जवळच्या मुलीच्या हातात दिला. तेव्हा त्या मला दिसल्या, पाठमोऱ्या. दोन रॅकच्या मधून भराभरा चालत जात होत्या आणि चालता चालता त्या हाक मारणाऱ्या बाईला तेलुगूतून काहीतरी रागावून सांगत होत्या. रांगेच्या टोकाला त्या वळल्या. मुलीने माझ्याकडे बघून लाजत मान हलवली, तिला मराठी येत नव्हतं, मला तेलुगू येत नव्हतं. मग तिने फोन खाली घेतला. थोडा वेळ फरशी दिसली आणि कॉल बंद झाला.